माप नाचताना घ्या

नृत्याच्या वेशभूषेविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. प्रश्न निरनिराळ्या नृत्यप्रकारांतले आहेत, पण बहुतेकांचं मूळ एकच निघालं. माप घेतलं जातं ते सरळ उभं राहून, हात खाली सोडून. आणि कपडा वापरला जातो तो गुडघे वाकवून, हात उंचावून, गिरकी घेताना. म्हणून काही उत्तरं शिंप्याला वाचून दाखवता येतील अशा बेतानं लिहिली आहेत.

प्रश्न : भरतनाट्यमच्या पोशाखातली चोळी उभं राहिल्यावर नीट बसते. हात डोक्यावर नेले की खालची कड वर सरकते आणि खांदे आवळतात. शिंप्यानं मुंढा (बाही जोडायची गोलाई) दोनदा खोल करून दिला, तरी त्रास कमी होण्याऐवजी वाढला.

उत्तर : वाढणारच. मुंढा खोल केला की हात मोकळा होतो, हा शिवणकामातला फार चिवट गैरसमज आहे. बाही आणि चोळी जिथे काखेखाली जोडलेली असतात, ती जागा हाताबरोबर वर जाते. जोड अगदी काखेत असेल तर तिला फार प्रवास करावा लागत नाही, कारण हात तिथूनच फिरतो. तीच जोड काखेखाली दोन इंच, बरगडीवर आली, तर हात वर जाताना ती सगळी बाजू ओढून नेते. चोळीची खालची कड वर सरकते ती त्यामुळे. कड वर जायला जागा नसेल, म्हणजे कमरपट्टा घट्ट असेल, तर तीच ओढ खांद्यावर येते. मग नर्तकी नकळत खांदे उचलून नाचते आणि गुरूंना वाटतं, तिची ठेवणच चुकते आहे.

मुंढा काखेपासून अर्धा इंच खाली, एवढाच ठेवा. बाहीचा माथा (खांद्याशी जोडला जाणारा वरचा भाग) उंच कापला की बाही उभ्या देहावर सुरेख लोंबते, पण हात उचलू देत नाही. माथा इंचभर कमी करा आणि तेवढीच रुंदी दंडाला द्या. काखेत मग थोड्या सुरकुत्या पडतील. त्या पडू द्याव्यात, तीच हाताची शिल्लक आहे. दंडाचा घेर मूठ आवळून, कोपर वाकवून मोजा.

तुमचा मुंढा आधीच खोल झाला आहे. गेलेलं कापड परत येणार नाही, त्यामुळे काखेत तुकडा बसवावा लागेल. साडेतीन ते चार इंच बाजूचा चौकोन उरेब (धाग्यांना तिरपा) कापा. त्याचं एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं टोक चोळीच्या बाजूच्या शिवणीत आणि उरलेली दोन मुंढ्याच्या पुढच्या व मागच्या शिवणीत येऊ द्या. टोकांशी शिवण अगदी बिंदूवर थांबली पाहिजे. एक टाका पुढे गेला तर तिथे चूण पडते, आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. अस्तरालाही तसाच तुकडा लागेल. हे हमखास विसरलं जातं. वरचं कापड मोकळं आणि आतलं अस्तर आखडलेलं, अशी चोळी काहीच कामाची नाही.

फिटिंगच्या वेळी चार गोष्टी करून पाहा. दोन्ही हात डोक्यावर; स्वतःला मिठी मारल्यासारखे हात पुढे; एक हात वर नेऊन विरुद्ध बाजूला झुकणं; आणि खांद्याच्या रेषेत दोन्ही हात पसरून मोजून दोन मिनिटं थांबणं. खालची कड अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलली तर चोळी ताब्यात घेऊ नका. चौथी चाचणी सर्वांत खरी. घट्टपणा पहिल्या क्षणी जाणवत नाही, हात पसरून राहिलं की कळतो.

प्रश्न : कथकसाठी कळीदार (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्या जोडलेला) अंगरखा शिवायचा आहे. कंबर २६ इंच, कमरेपासून खालची उंची ३४ इंच. कुणी १६ कळ्या सांगतं, कुणी २४. जितकं कापड जास्त तितका घेर फुलतो, असंही ऐकलं. आधीच्या अंगरख्याला खाली चार इंची जरीचा काठ होता. चक्कर संपवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) थांबलं की घेर पायांभोवती गुंडाळायचा. किती कापड, कोणतं, आणि गुंडाळणं कसं टळेल?

उत्तर : आधी कापडाच्या वजनाविषयी. जड कापड कमी उडतं असं सर्रास म्हटलं जातं, ते जसंच्या तसं खरं नाही. गिरकीत घेर किती उचलतो हे फिरण्याचा वेग आणि मध्यापासूनचं अंतर ठरवतात. कापड दुप्पट जड झालं तर बाहेर फेकणारी ओढ दुप्पट होते आणि खाली खेचणारीही दुप्पट. सेकंदाला एक चक्कर या वेगात, मध्यापासून फूटभर अंतरावर, बाहेरची ओढ खालच्या ओढीच्या सुमारे सव्वापट होते. म्हणजे कापड ४५ अंशांच्या वर जाऊ पाहतं. फरक पडतो तो कापडाच्या ताठपणामुळे आणि हवेमुळे. पातळ जॉर्जेट हवेला अडतं, मागे रेंगाळतं, फडफडतं. जड रेशीम उशिरा उठतं, पण उठलं की एकसंध फिरतं.

घेराची एक मर्यादा मात्र वेगानं ओलांडता येत नाही, ती भूमितीची. अर्धवर्तुळात कापलेला घेर घालून कितीही वेगानं फिरा, तो, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या पलीकडे जात नाही, कारण तेवढ्यावर कापड ताणून संपतं. पाऊण वर्तुळ सुमारे ४९ अंशांपर्यंत जातं. पूर्ण वर्तुळ आडवं, सपाट होऊ शकतं. त्याहून जास्त कापड घातलं तर घेराची उंची वाढत नाही, लाटा वाढतात. लाटा सुंदर दिसतात, पण त्यांचं वजन नाचणाऱ्याला वाहावं लागतं. एकल नृत्यासाठी पूर्ण वर्तुळ पुरेसं आहे. फार झालं तर सव्वा. दोन वर्तुळांचा घेर फोटोत शोभतो, द्रुत लयीत पायांना जड होतो.

तुमच्या मापाचा हिशेब असा. पूर्ण वर्तुळासाठी कमरेची त्रिज्या २६ भागिले ६.२८, म्हणजे ४ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यात ३४ मिळवले की खालची त्रिज्या ३८ इंच १ सूत आणि घेर सुमारे २४० इंच, म्हणजे २० फूट. तेवढा घेर १६ कळ्यांत वाटायचा तर प्रत्येक कळी वर १ इंच ५ सूत आणि खाली १५ इंच. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी अर्धा अर्धा इंच धरला की वर २ इंच ५ सूत, खाली १६ इंच. २४ कळ्या केल्या तरी घेर तोच राहतो, फक्त शिवणी वाढतात. प्रत्येक शिवण म्हणजे एक ताठ रेघ. पातळ, लोळणाऱ्या कापडाला त्या रेघांचा आधार मिळतो, तिथे २४ योग्य. चंदेरीसारख्या ताठ कापडाला १६ भरपूर झाल्या.

कळी कापताना एक बाजू सरळ धाग्यात आणि दुसरी तिरपी ठेवा, आणि जोडताना प्रत्येक ठिकाणी सरळ कडेला तिरपी कड येऊ द्या. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर ती शिवण महिन्याभरात लोंबते आणि घेर खाली वरखाली दिसतो. सगळ्या कळ्या जोडून झाल्यावर अंगरखा किमान २४ तास टांगून ठेवा. त्यानंतरच, घालणाऱ्याच्या अंगावर, जमिनीपासून पट्टीनं मोजून खालची कड सारखी करा. घाईत हीच पायरी गाळली जाते.

आता गुंडाळण्याविषयी. तुमचा दोष त्या काठात आहे. चार इंच रुंद आणि वीस फूट लांब जर, तीही मध्यापासून सर्वांत दूर. वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर गेलं की तेवढ्याच वेळात ते थांबवायला चौपट जोर लागतो. समेवर शरीर एका मात्रेत थांबतं. काठ थांबत नाही, पुढे फिरत राहतो आणि पायांना वेढा घालतो. पुढचा तोडा (बोलांची छोटी रचना) लगेच सुरू होणार असेल तर पाय त्यातच अडकतो. काठ दीड इंचाच्या आत आणा. रुंद काठच दिसायला हवा असेल तर जरीऐवजी पातळ कापडाची रंगीत पट्टी लावा. कड उघडी राहावी म्हणून आतून इंच-दीड इंचाची नायलॉनची जाळीदार ताठ पट्टी घाला. ती हलकी असते आणि घेराला वर्तुळात धरून ठेवते. अस्तर गुळगुळीत घ्या आणि वरच्या कापडापेक्षा इंचभर आखूड ठेवा. सुती अस्तर सुती चुडीदाराला चिकटतं आणि वेढा सुटता सुटत नाही.

पण घेर एका जागी गोठून थांबावा असाही प्रयत्न करू नका. सम पडते, देह स्थिर होतो, घेर पाव-अर्धा वळसा पुढे जातो आणि उलगडत परत येतो. ते परत येणं संपेपर्यंत प्रेक्षकाच्या नजरेत चक्कर चालूच असतं. त्यासाठी मात्रा राखून ठेवणारे नर्तक असतात, आणि ते बरोबर करतात.

प्रश्न : भरतनाट्यमच्या पूर्ण बैठकीत पायजमा आसनात (दोन पायांमधल्या जोडात) उसवतो. दुहेरी टीप मारूनही तेच. आणि पायांमध्ये उघडणारा पुढचा चुणीदार पंखा किती रुंद, किती लांब असावा?

उत्तर : दुहेरी टीप मारल्यानं शिवण टिकेल आणि शेजारचं रेशीम फाटेल. ओढ तशीच राहिली की ती सर्वांत कच्ची जागा शोधून काढते.

बसताना कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर वाढतं, पुढचं कमी होतं. म्हणून मागचं आसन पुढच्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त हवं, आणि ते माप पूर्ण बैठकीत बसून घ्यायला हवं. टेप पोटावरच्या नाडीपासून पायांमधून मागच्या नाडीपर्यंत न्या. उभ्यानं घेतलेल्या आणि बसून घेतलेल्या मापांतला फरक पाहिलात की उसवण्याचं कारण आपोआप कळेल. आसन खूप खाली लोंबतं ठेवणं हाही उपाय नाही. निमुळत्या पायजम्यात आसन खाली आलं की दोन्ही मांड्या एकमेकींना बांधल्यासारख्या होतात. मुंढ्याचाच न्याय इथेही लागू आहे. आसन अंगालगत ठेवा आणि त्यात मियानी (दोन पायांमधला जोडतुकडा) घाला, चार-पाच इंच बाजूची, उरेब. जरीचं रेशीम ताणत नाही, म्हणून मियानी आणि मांडीची आतली बाजू त्याच रंगाच्या मऊ सुती कापडाची केली तरी चालते. पंख्याखाली ती दिसत नाही. शिवण बारीक टाक्यांची आणि मागे उरेब पट्टी लावलेली असावी.

पंख्यासाठी अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत) बसून दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजा. समजा ते ३० इंच आलं. ३० इंचच कापड घेतलं तर अरमंडीत पंखा सपाट चादरीसारखा ताणला जाईल आणि चुण्या नाहीशा होतील. दीडपट, म्हणजे ४५ इंच घ्या. इंचभर खोलीच्या चुणीला दोन इंच कापड जातं, तेव्हा साधारण २२ चुण्या होतील. पाय उघडला तरी एक तृतीयांश कापड चुण्यांत शिल्लक राहतं आणि पंख्याच्या कडा जिवंत दिसतात. चुण्या धावदोऱ्यानं तीन ठिकाणी पक्क्या धरून, वाफेची इस्त्री करून, पूर्ण थंड झाल्यावरच दोरा काढा. गरम असताना काढलात तर चुणी धरत नाही.

लांबीचं सांगायचं तर, पंखा कमरेला जोडलेला असेल तर अरमंडीत कंबर जेवढी खाली येते तेवढा तोही खाली येतो. उभ्यानं घोट्यापर्यंत मापलेला पंखा बसल्यावर जमिनीवर लोळतो आणि टाचेखाली येतो. अरमंडीत जमिनीपासून तीन बोटं वर, हे माप धरा. उभ्यानं तो जरा आखूड वाटेल, पण या नृत्यात उभं राहणं फार थोडा वेळ असतं.

प्रश्न : नऊवारी लावणीसाठी शिवून घ्यावी की नेसावी? शिवलेली सोयीची, पण काहीतरी चुकल्यासारखं दिसतं.

उत्तर : तुमच्या नजरेला जे दिसतं ते खरं आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड अंगावर थरांनी बसलेलं असतं. पाय पुढे पडला की हे थर एकमेकांवरून सरकतात, वाकलं की एका जागचं कापड दुसरीकडे जातं, उभं राहिलं की परत येतं. शिवलेल्या नऊवारीत थर टिपेनं जखडलेले असतात. कापड सरकू शकत नाही, म्हणून ते ताणतं किंवा फुगतं. ठेक्याबरोबर कंबर हलते तेव्हा नेसलेल्या साडीच्या निऱ्या किंचित मागून येतात. शिवलेल्या साडीत त्या कमरेबरोबरच येतात, आणि तेच चुकल्यासारखं दिसतं.

नेसलेली सुटते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: काष्टा पाय जुळवून, ताठ उभं राहून घातलेला असतो. पाय दीड फूट फाकवा, गुडघे वाकवा, मग काष्टा मागे न्या आणि त्या स्थितीतच खोचा. उभं राहिल्यावर तो थोडा सैल पडेल, ती शिल्लक बैठकीत लागणार आहे. कमरेची पहिली गाठ सगळा भार घेते, ती कातडीवर न बांधता सुती पट्टीवर बांधा. घामानं रेशीम घसरतं, सुतावर ते धरून राहतं. आमचं मत असं की एकल लावणी नेसूनच व्हावी. समूह असेल आणि दोन मिनिटांत वेश बदलायचा असेल तर शिवलेली घ्या. पण निऱ्या फक्त कमरेशी टिपा, गुडघ्याखाली मोकळ्या सोडा, आणि काष्ट्याला टिपेऐवजी दोन आकडे लावा.

भरतनाट्यमनंही हाच सौदा केला. नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये रंगमंचावर पदार्पण केलं आणि पुढे वेशभूषेला जे वळण दिलं, त्यातून शिवलेला, चुणीदार पंख्याचा पोशाख रूढ झाला. रेषा स्वच्छ झाली, अरमंडीचा त्रिकोण दुरूनही दिसू लागला. त्या बदल्यात अंगाप्रमाणे सरकणारं कापड गेलं. ही देवघेव वाईट नाही, पण काय दिलं आणि काय घेतलं हे वेशभूषा ठरवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

प्रश्न : ओढणी तीन ठिकाणी पिना लावूनही सुटते, शिवाय जॉर्जेटला भोकं पडतात.

उत्तर : तिसरी पिन काढा. खांदा आणि विरुद्ध बाजूची कंबर, एवढ्या दोनच जागा. बाजूला झुकल्यावर या दोन जागांतलं अंतर वाढतं, म्हणून दुसरी पिन झुकलेल्या अवस्थेत लावा. मधे तिसरी लावली की ओढणीचा एक तुकडा आखूड पडतो आणि सगळी ओढ त्यावर येते. ओढ ज्या दिशेला, तिला पिन आडवी लावा, म्हणजे भार दोन्ही भोकांवर वाटला जातो. पिनेखाली, आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा, जाड सुती तुकडा ठेवा. जॉर्जेट फाटणार नाही.

प्रश्न : घुंगरू वेशभूषेत धरायचे की वाद्यात? आणि किती?

उत्तर : कान त्यांना वाद्य मानतो, पाय वजन मानतो. पायाच्या टोकाला बांधलेलं वजन प्रत्येक पदाघाताला उचलावं लागतं, म्हणून संख्या हळूहळू वाढवायची: आरंभी एका पायात २५ ते ५०, तयारी झाल्यावर १००, पुढे १५० किंवा जास्त. कथकचे घुंगरू सुती दोरीत, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ देऊन ओवलेले हवेत. गाठ नसेल तर ते एका बाजूला गोळा होतात आणि आवाज दबतो. घोट्याच्या हाडावर नाही, हाडाच्या वर बांधा, आणि खाली दोन इंची सुती पट्टी गुंडाळा. चुडीदाराच्या चुण्यांवरून बांधले तर चुण्या घसरतात आणि त्यांच्याबरोबर घुंगरूही. चुण्या पट्टीच्या वर संपू द्या.

प्रश्न : आमच्या नृत्यनाट्यात मुली जाळीच्या घेरदार झग्यांत पेटत्या पणत्या हातात घेऊन नाचणार आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पणत्या बॅटरीच्या घ्या. इथे दुसरा पर्याय आम्ही सुचवणार नाही. सैल, हवेशीर जाळी म्हणजे कापड आणि हवा यांचं जळायला सर्वांत अनुकूल मिश्रण. नायलॉनची जाळी वितळून कातडीला चिकटते, सुती जाळी भडकते. पॅरिसमध्ये १८६२ साली एम्मा लिव्री या तरुण नर्तिकेचा झगा तालमीत गॅसच्या दिव्यावर पेटला आणि काही महिन्यांनी, १८६३ मध्ये, ती त्या भाजण्यानं गेली. कापड आगीपासून वाचवणारी प्रक्रिया त्या काळी उपलब्ध होती, पण त्या प्रक्रियेनं कापड कडक आणि मळकट होतं म्हणून एम्मानं ती नाकारली होती. कापड मऊ पडावं, हलकं दिसावं, ही इच्छा नर्तकाला किती ओढून नेते ते यातून कळतं.

प्रश्न : समकालीन नृत्याची रचना करतो. वेश दरवेळी शेवटच्या आठवड्यात येतो आणि बसवलेल्या जागा मोडतात. लोळण घेताना पाठीला हूक टोचतात, उचलताना जोडीदाराचे हात सटकतात.

उत्तर : वेश उशिरा येणं टाळता येत नसेल तर त्याचा तोतया पहिल्या आठवड्यात आणा. मांजरपाटाचा, त्याच लांबीचा, त्याच घेराचा. वजन कमी पडेल, म्हणून खालच्या दुमडीत बारीक साखळी किंवा लोखंडी वायसर शिवा. लांबी, घेर, वजन आणि गळ्याची खोली या चार गोष्टी तंतोतंत असल्या की रंग कोणता आहे याच्याशी शरीराला देणंघेणं नसतं. ज्या हातानं झगा उचलायचा आहे तो हात रचनेतच मोजून ठेवा. शेवटच्या आठवड्यात "इथे जरा झगा सांभाळ" असं सांगितलं की नर्तकीचा तो हात कायमचा बावरतो.

लोळणीसाठी पाठीवर काहीही नको: हूक नको, गाठ नको, साखळीचं (झिपचं) टोकही नको. बांधायचे बंद बगलेखाली, डाव्या कुशीत घ्या. लोळण डावीकडून सुरू होत असेल तर उजव्या. माकडहाडापाशी आणि गुडघ्यावर आतून मऊ विणलेल्या कापडाचा थर द्या. उचलण्याच्या जागा, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांडीचा मागचा भाग, तिथे साटीन आणि टिकल्या दोन्ही टाळा. साटीन निसटतं, टिकल्या जोडीदाराचे तळवे सोलतात आणि मग तो भीतीनं पकड सैल करतो. त्याच रंगाचं, खरखरीत पोताचं कापड हाताच्या पंजाएवढं बसवा. झगा पसरट असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. बॅलेतल्या आडव्या, ताठ टुटू झग्याखाली जोडीदाराला नर्तिकेचे पाय दिसतच नाहीत. तिचा तोल तो कमरेवरच्या बोटांनी ओळखतो. तुमच्या जोडीदारालाही असं आंधळेपण येणार असेल तर त्याची तालीम तोतया झग्यातच झाली पाहिजे.

खरा वेश आला की तीन तालमी हव्यातच: एक संथ, प्रत्येक अडणारी जागा वहीत नोंदवत, एक पूर्ण वेगात, एक दिव्यांखाली, विंगेतून आत येणं-जाणं धरून. विंगेतल्या खिळ्यात अडकलेला झगा रचनेतली कितीतरी मेहनत वाया घालवतो.

शिवाय वेश ही रचनेनंतरची सजावट आहे, हा हिशेब मुळात तपासून पाहा. अमेरिकी नर्तिका मार्था ग्रॅहॅम यांचं १९३० चं 'लॅमेंटेशन' एका बाकावर बसून, ताणणाऱ्या विणलेल्या कापडाच्या नळीत शिरून केलेलं आहे. चेहरा, हात आणि पावलं तेवढी बाहेर. कोपर आतून कापडाला रेटतं, गुडघा विरुद्ध दिशेला जातो, आणि दोघांच्या मधे कापडावर तिरप्या ताणाच्या रेघा उमटतात. दुःख दिसतं ते त्या रेघांत. कापड काढून तेच हातवारे केले तर नृत्य उरत नाही, कारण रेटायला काही नसतं. अशी रचना शेवटच्या आठवड्यात आलेल्या वेशात होऊच शकत नाही.

प्रश्न : वेशानं देह दाखवावा की झाकावा? परीक्षेत हा प्रश्न आला आणि दोन्ही बाजूंनी उत्तर सुचलं.

उत्तर : दोन्ही बाजूंना मोठी परंपरा आहे. अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तिकेनं झगा घोट्याच्या वर आखूड केला, कारण तिच्या पायांचं बारीक, वेगवान काम लांब झग्याखाली हरवत होतं. तिथून पुढे बॅलेत झगा वर जात राहिला आणि पाय अधिकाधिक बोलू लागले. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यू पाँट कंपनीत जो ताणणारा धागा तयार केला, त्यानं ही वाट शेवटापर्यंत नेली. कापड कातडीसारखं बसू लागलं. पण त्याबरोबर जबाबदारीही आली. अंगाला चिकटलेल्या वेशात श्वास दिसतो, थरथर दिसते, घामाचे डाग दिसतात. करडा आणि फिका निळा रंग घाम सर्वांत जास्त दाखवतात. काळा, पांढरा आणि नक्षीदार कापड कमी.

दुसरी वाट अमेरिकी नर्तिका लोई फुलर यांची. त्यांच्या सर्पनृत्यात देह जवळजवळ नाहीसा होई. रेशमाच्या अवाढव्य झग्यात काठ्या बसवलेल्या होत्या, हात त्यामुळे दुपटीहून लांब होत, आणि रंगीत दिव्यांत कापडाच्या लाटा उठत. त्या झग्याच्या रचनेचं पेटंट त्यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत घेतलं. जर्मन कलाकार ऑस्कर श्लेमर यांचं 'ट्रायडिक बॅले' १९२२ मध्ये श्टुटगार्टला झालं. त्यात तीन नर्तक आणि अठरा वेश. गोळे, चकत्या, शंकू, वेटोळी यांनी बनवलेले ते वेश इतके ताठ होते की कोणती हालचाल शक्य आहे हे वेशच ठरवत होता. आणि १९९७ च्या 'सिनारिओ'मध्ये नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या नर्तकांना जपानी वेशकार रेई कावाकुबो यांनी पाठीवर, कुल्ल्यांवर, पोटावर उशीसारखे उंचवटे शिवून दिले. ओळखीच्या शरीराची कडच बदलून गेली.

तेव्हा परीक्षेत दाखवणं-झाकणं यांत अडकू नका. वेश पाहताना तीन गोष्टी तपासा. तो शरीराचा कोणता भाग मोठा करतो? कोणती हालचाल अडवतो? आणि शरीर थांबल्यानंतर किती वेळ हलत राहतो? कथकचा घेर पायाचा ठोका झाकतो, म्हणून तो घुंगरांतून ऐकवावा लागतो, आणि थांबल्यानंतर मात्राभर हलतो. भरतनाट्यमचा पंखा मांडीची उघडझाप मोठी करून दाखवतो, पण थांबताच थांबतो. चक्कर आणि अडवू (भरतनाट्यमचे मूळ पदन्यास) यांतला फरक एवढ्यावरूनही लिहिता येईल. आवाज बंद करून दोन्हींचं चित्रण एकापाठोपाठ पाहा, आणि नजर नर्तकाच्या चेहऱ्यावर न ठेवता कपड्याच्या खालच्या कडेवर ठेवा.